स्वस्त नेलपॉलिशची तुलना करताय? आधी टवका कशामुळे उडाला ते बघा

प्रश्न असा आलाय: पाच ब्रँडच्या मिळून दहा स्वस्त बाटल्या आणल्या, दर दोन-तीन दिवसांनी एक लावून बघितली, जवळपास सगळ्यांचे टवके दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उडाले, एक लव्हेंडर तर इतकं पट्टे पट्टे आलं की लगेच पुसलं, तर ताई यातला चांगला ब्रँड कोणता आणि का सरळ एकच महागडं घेऊ?

अगं, ब्रँडचा प्रश्न आपण सगळ्यात शेवटी घेऊ. मी चौदा वर्षं दिवसभर लोकांच्या नखांवर रंग लावतेय, स्वस्त महाग सगळं हाताखालून गेलंय, आणि माझं ठाम मत आहे की स्वस्त पॉलिशमध्ये ब्रँडपेक्षा बाटली बघावी लागते. एकाच ब्रँडचं गडद लाल दोन कोटात काचेसारखं बसतं आणि त्याच ब्रँडचं, त्याच रॅकवरचं फिकट पिवळं चार कोट दिले तरी खालचं नख दाखवतं. प्रत्येक शेडची रेसिपी वेगळी असते ना, रंगाची पूड वेगळी, तिचं प्रमाण वेगळं, त्यामुळे एका बाटलीवरून अख्ख्या ब्रँडला नावाजणं किंवा नावं ठेवणं दोन्ही चुकीचं. आणि तू ज्या पद्धतीने दहा बाटल्या तपासल्यास त्यात बाटलीचा गुण किती आणि त्या दिवशीच्या तुझ्या नखाचा, हाताचा, घाईचा गुण किती हे वेगळं काढताच येत नाही. ते वेगळं कसं काढायचं हेच सांगते, मग दहापैकी कुठल्या ठेवायच्या ते तुझं तुलाच कळेल.

आधी बाटलीत काय असतं ते माहीत असू दे, कारण त्यावर पुढचं सगळं उभं आहे. साधं नेलपॉलिश, म्हणजे लॅम्पखाली न वाळवायचं, हे मुळात नायट्रोसेल्युलोज. तोच पदार्थ ज्यापासून गाड्यांचा लॅकर बनायचा, ड्यू पाँट कंपनीने १९२३ साली ड्यूको नावाने गाड्यांचा असा लवकर वाळणारा रंग आणला होता. नखावर हा पदार्थ पातळ पापुद्रा होऊन बसतो. नुसता तो ठिसूळ असतो म्हणून त्यात रेझिन घालतात, त्याने चमक आणि चिकटून राहणं येतं, आणि प्लास्टिसायझर घालतात म्हणजे नख वाकलं की पापुद्रापण वाकतो. हे सगळं इथिल ॲसिटेट आणि ब्युटिल ॲसिटेटमध्ये विरघळवलेलं असतं, तोच तो नेलपॉलिशचा वास. मग रंगाची पूड, आणि ती पूड तळाला बसू नये म्हणून खास प्रकारच्या मातीचं जेल, ज्यामुळे बाटली नुसती उभी असताना पॉलिश दाट असतं आणि ब्रशने हलवलं की सैल होतं. स्वस्त काय आणि महाग काय, ढोबळमानाने हीच यादी. बाटलीच्या मागे छापलेली यादी घेऊन दोन शेजारी शेजारी धर, पहिली तीन-चार नावं बहुतेक वेळा तीच दिसतील. फरक पडतो तो प्रमाणात, पूड किती बारीक दळलीय त्यात, आणि ब्रशमध्ये.

तसंही दुकानातल्या साध्या बाटलीचा इतिहास काही हलका नाही. क्यूटेक्सने १९१७ च्या सुमाराला रंगीत द्रव पॉलिश बाजारात आणलं, पण तेव्हाचे रंग पारदर्शकच असायचे. रेव्हलॉन १९३२ साली सुरू झालं ते एकाच मालावर, नेलपॉलिशवर, आणि त्यांचं वेगळेपण हे की डाय म्हणजे द्रवात विरघळणारा रंग, त्याऐवजी पूड वापरून त्यांनी अपारदर्शक रंग आणले. आज जे आपण दोन कोटात नख पूर्ण झाकलं जावं अशी अपेक्षा करतो ती तिथून सुरू झालीय.

आता तुझं लव्हेंडर. बाटलीचा तळ बघ, उजेडात तिरकी धरून. फिकट पेस्टलमध्ये जवळजवळ नेहमी टायटॅनियम डायऑक्साइड भरपूर असतं, पांढरी जड पूड, ती खाली बसते आणि वर जांभळट पाणी राहतं. तशीच उघडलीस तर पहिल्या नखावर पातळ फिकं आणि पाचव्या नखावर खडूसारखं घट्ट लागतं. बाटली दोन तळव्यांमध्ये धरून अर्धा-एक मिनिट घोळव, तळाची पांढरी रेघ दिसेनाशी होईपर्यंत, आत स्टीलची गोळी असेल तर तिचा आवाज मोकळा यायला लागतो. आणि मग लावताना एक गोष्ट, पेस्टलवर ब्रश दुसऱ्यांदा फिरवायचा नाही. पहिला कोट कसाही दिसू दे, पट्टे दिसू देत, हात आवर, कारण तो अर्धवट वाळलेला असताना परत ब्रश फिरवला की वरचा थर ओढला जातो आणि मध्येच टक्कल पडल्यासारखं होतं. तीन मिनिटं थांब, मग दुसरा, थोडा भरलेल्या ब्रशने, दाब न देता, नुसता तरंगत न्यायचा. तिसरा लागला तर तिसरा. हे सगळं करूनही पट्टे राहिले तर ती शेड खरंच वाईट आहे, मग खुशाल बाजूला ठेव. पण माझ्या अनुभवात ज्यांना लोक पॅची म्हणून फेकतात त्यातल्या अर्ध्याअधिक बाटल्या नीट घोळवल्या की वागायला लागतात.

टिकाऊपणाचं मात्र जास्त अवघड आहे आणि त्यात मी स्वतः बरीच वर्षं फसले होते. सुरुवातीला मी काय करायचे, डाव्या हाताला एक पॉलिश आणि उजव्या हाताला दुसरं, आणि ज्याचे टवके आधी उडाले ते वाईट असं वहीत लिहायचे. मी उजव्या हाताची. भांडं, कुलूप, डबा, पाकीट फाडणं, सगळं उजव्या हाताने, आणि वर उजव्या हाताला पॉलिश लावायचे ते डाव्या हाताने, म्हणजे कोट जाड आणि कडा वाकड्या. त्यामुळे उजव्या हातावरचं पॉलिश जवळजवळ दर वेळी हरायचं. एका ब्रँडचा क्रीम लाल, म्हणजे चकाकीचे कण नसलेला सपाट लाल, मी असाच सलग तीन वेळा उजवीकडे लावला आणि दीड वर्ष कुणाला सुचवला नाही. पुढे एका क्लायंटच्या आग्रहावरून तोच तिला लावला तर नऊ दिवसांनी ती आली तेव्हा फक्त टोकं झिजलेली, टवका एकही नाही. तेव्हा मी वही काढून बसले आणि लक्षात आलं की मी पॉलिश नाही, माझे हात तपासत होते.

त्यानंतर मी जी पद्धत धरली ती अजून सोडलेली नाही. एका वेळी दोनच बाटल्या घ्यायच्या, आणि दोन्ही एकाच जातीच्या, म्हणजे क्रीमशी क्रीम, शिमरशी (बारीक चकाकीवालं) शिमर. डाव्या अंगठ्याला पहिली, तर्जनीला दुसरी, मधल्या बोटाला पहिली, अनामिकेला दुसरी, करंगळीला पहिली. उजव्या हाताला बरोब्बर उलटं, अंगठ्याला दुसरी, तर्जनीला पहिली आणि असंच पुढे. असं केलं की प्रत्येक बाटली पाच बोटांवर जाते आणि प्रत्येक जागी दोघींची टक्कर होते, अंगठ्याशी अंगठा, तर्जनीशी तर्जनी. अंगठा आणि तर्जनी सगळ्यात आधी जातात, करंगळी आणि अनामिका कुठल्याही पॉलिशला टिकवून धरतात, म्हणून करंगळीवरून कधी निकाल द्यायचा नाही. रंग अगदी वेगळे असतील तर हात विचित्र दिसतील काही दिवस, तर जवळचे रंग निवड, दोन लाल किंवा दोन गुलाबी, बाहेरून कुणाला कळत पण नाही.

पहिल्या फेरीत बेसकोट, म्हणजे रंगाखालचा थर, आणि टॉपकोट, म्हणजे रंगावरचा थर, लावूच नको. मला माहितीये हे सगळे नको म्हणतात, पण नुसतं पॉलिश कसं आहे ते बघायचं असेल तर त्याच्यावर दुसऱ्या कंपनीचं चिलखत घालून कसं कळणार. लालसारखा डाग पाडणारा रंग असेल तर दोघींच्या खाली एकच बेसकोट चालेल, पण टॉपकोट नाही. दुसऱ्या फेरीत दोन्ही लाव, तोच बेस, तोच टॉप, सगळ्या बोटांना. पहिल्या फेरीत हरलेली बाटली दुसऱ्या फेरीत बरोबरीला आली तर ती वाईट नाही, तिला फक्त आधार लागतो.

आता नखाची तयारी, आणि इथे तू लिहिलंयस की तू आधी कोमट पाण्यात हात बुडवून, हाताला क्रीम लावून मग पॉलिश लावतेस. तुझे टवके बहुतेक इथूनच येतायत. नख म्हणजे केराटिनचे थरावर थर, जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, आणि ते पाणी पितं. पाण्यात ठेवलं की फुगतं, किंचित पसरतं आणि मऊ होतं, तू त्या फुगलेल्या नखावर पॉलिश लावतेस, रात्रीतून नख सुकून आपल्या मूळ आकारात येतं आणि वरचा पापुद्रा मात्र त्या मोठ्या आकाराचा, मग तो कडेने सुटतो. क्रीमचं तेल वेगळंच, तेलावर नायट्रोसेल्युलोज धरत नाही. त्यामुळे हात धुतल्यावर, आंघोळीनंतर, भांडी घासल्यावर निदान अर्धा-एक तास थांब. नखं कापणं, घासणं सगळं कोरडं. मग लिंट न सुटणाऱ्या कापडावर रिमूव्हर घेऊन प्रत्येक नख पूस, बाजूच्या खाचा आणि टोकाच्या खालची बाजू पण, आणि त्यानंतर चेहऱ्याला केसाला हात लावायचा नाही. नखाच्या मुळाशी जी अगदी पातळ पारदर्शक कातडी नखाला चिकटलेली असते ती लाकडी काडीने हलकेच मागे सार, तिच्यावर पॉलिश गेलं की तिथूनच ते उचललं जातं.

कोटाच्या जाडीवर मी हट्टी आहे. पॉलिश वाळतं म्हणजे त्यातला द्रव उडून जातो, बाकी काही होत नाही. इथिल ॲसिटेट ७७ अंशाला उकळतं आणि ब्युटिल ॲसिटेट १२६ ला, म्हणजे पहिलं पटकन उडतं, दुसरं रेंगाळतं, आणि जे रेंगाळतं त्याच्यामुळेच रंगाला सपाट पसरायला वेळ मिळतो. जाड कोट दिला की वरती साय धरते, आतला द्रव अडकून बसतो, त्याचे बुडबुडे होतात आणि तीन तासांनी पण चादरीचे ठसे उमटतात. लोक म्हणतात बाटली हलवल्यामुळे बुडबुडे आले, मी जितके बुडबुडे बघितलेत ते बहुतेक सगळे जाड कोटाचे नाहीतर घट्ट झालेल्या बाटलीचे. तर ब्रश एका बाजूने बाटलीच्या मानेवर पूर्ण पुसून घे, दुसऱ्या बाजूला एक मणी राहू दे, तो मणी मुळापासून किंचित पुढे टेकव, मुळाकडे ढकल, मग टोकापर्यंत ओढ, मग डावी बाजू, मग उजवी, बस तीन फटके. शेवटी ब्रशचं टोक नखाच्या धारेवरून एकदा आडवं फिरव. धार बंद केली की टोकातून पाणी आत शिरत नाही, हे एवढं एक केलं तरी बऱ्याच जणींचा एक दिवस वाढतो. दोन कोटांच्या मध्ये तीन मिनिटं, आणि टोकाला हात लावला तर कोरडं लागतंय म्हणजे वाळलं असं नाही, आतून पूर्ण कडक व्हायला काही तास जातात, म्हणून लावल्यावर लगेच गरम पाण्याची आंघोळ किंवा भांडी नकोत. झोपायच्या अगदी आधी लावणं हा सगळ्यात वाईट वेळ.

आता नोंद काय करायची. नुसतं 'तिसऱ्या दिवशी गेलं' असं लिहून उपयोग नाही, कसं गेलं ते लिही. पॉलिश जाण्याचे प्रकार वेगवेगळे आणि प्रत्येकाचं कारण वेगळं. टोकाला बारीक पांढरी रेघ दिसायला लागली, रंग नुसता झिजलाय, तर ते नॉर्मल, कुठल्याही पॉलिशचं होतं, त्यात बाटलीचा दोष नाही. अख्खा पापुद्रा सापाच्या कातीसारखा एका तुकड्यात निघाला तर बाटलीला दोष देऊच नको, तिथे तेल होतं, पाणी होतं, किंवा खालचा थर ओला असताना वरचा दिला होता. कोपऱ्यातून तीक्ष्ण कडांचा टवका उडाला, पॉलिश कडक काचेसारखं तुटलं, तर पापुद्रा ठिसूळ आहे, तिथे बाटलीचा दोष असू शकतो. आणि नखाच्या मध्ये केसासारखी तडा गेली तर नख वाकणारं आहे आणि पॉलिश न वाकणारं, दोघांचं जमत नाही. तुझी नखं मऊ आहेत, दाबली तर टोक वाकतं असं तू लिहिलंयस, म्हणजे तुला लवचिक पॉलिश हवं, आणि 'एका मिनिटात वाळतं' वाली बाटली तुझ्यासाठी बहुतेक वेळा चुकीची निवड ठरेल. लवकर वाळणारी पॉलिशं लवकर कडक होतात, माझ्या हाताखाली मऊ नखांवर त्यांचे टवके साध्या पॉलिशपेक्षा आधी उडालेले मी पुन्हा पुन्हा बघितलेत. कडक, जाड नखांच्या बाईला तीच बाटली आठवडाभर जाते. म्हणजे मैत्रिणीने चांगलं म्हटलेलं पॉलिश तुझ्याकडे टिकलं नाही तर दोघीही खऱ्याच असू शकता.

फिनिशचं पटकन सांगते. गडद क्रीम हे स्वस्तात सगळ्यात भरवशाचं, तिथे महाग घ्यायची मला काही गरज वाटत नाही. ग्लिटर टिकतं भरपूर पण काढताना जीव जातो, त्यासाठी कापसाचा बोळा रिमूव्हरमध्ये भिजवून नखावर ठेव, वरून ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळ आणि पाच मिनिटं थांब, खरवडू नको, खरवडलं की नखाचा वरचा थर पण निघून येतो. मेटॅलिक फ्रॉस्टमध्ये ब्रशची प्रत्येक रेघ दिसते, ते ज्याचा हात सरळ चालतो त्यानेच घ्यावं. मॅटमध्ये पुडीच्या मानाने रेझिन कमी, म्हणून ते लवकर जातं, मॅट आवडत असेल तर साधं क्रीम घेऊन वर मॅट टॉपकोट दिलेला परवडतो. निऑन खाली पांढरा कोट दिल्याशिवाय निऑन दिसतच नाही. आणि जेली किंवा शीअर शेड अपारदर्शक नाही म्हणून तिला कमी मार्क देऊ नको, ती तशीच असायला बनवलीय. एसी (Essie) या ब्रँडची बॅले स्लिपर्स ही इतकी गाजलेली फिकी गुलाबी शेड, पण दोन कोटांनंतरही खालून नख दिसतंच, तिला क्रीमच्या मापाने मोजलं तर ती नापासच होईल.

ब्रशबद्दल कुणी फारसं बोलत नाही आणि माझ्या मते स्वस्त बाटल्यांमध्ये निम्मा फरक तिथेच आहे. ब्रश बाहेर काढ, मानेवर पुसून पांढऱ्या कागदावर हलकेच दाब. केस पंख्यासारखे सारखे पसरले आणि उचलल्यावर परत एकत्र आले तर चांगला. एखादा केस बाजूला उभा राहत असेल तर तोच केस दर नखावर बाजूच्या कातडीवर रेघ मारणार, नखकात्रीने तो बुडापासून काप, ओढू नको, ओढलं तर शेजारचे सैल होतात. रुंद चपटा ब्रश अंगठ्याला छान पण अरुंद नखाला सगळा रंग कातडीवर लावतो. सॅली हॅन्सेन ब्रँडच्या इन्स्टा-ड्राय पॉलिशचा ब्रश असा रुंद आहे, सवय असली तर दोन फटक्यात नख झाकतं. तुझी नखं अरुंद असतील तर बारीक गोल ब्रशच बरा, कव्हरेज मग कोटाने मिळवायचं.

आता ब्रँड. तू ज्या पाच नावांची यादी दिलीयस त्यातली सॅली हॅन्सेन आणि रिमेल ही दोन्ही कोटी (Coty) नावाच्या कंपनीकडची, आणि एसी आणि मेबेलिन ही दोन्ही लॉरेयाल कंपनीकडची, एसी त्यांनी २०१० मध्ये घेतलं. एका घरातली आहेत म्हणून आत एकच माल असतो असं मी म्हणत नाहीये, पण लेबल बदललं की जग बदललं असंही नाही. मी माझ्या टेबलावर काय करते ते सांगते, रंग स्वस्तातला ठेवते आणि पैसे बेसकोट आणि टॉपकोटवर घालते. कारण एखादा रंग तू महिन्यातून एकदा लावशील, पण टॉपकोट प्रत्येक वेळी लागणार, आणि रोजच्या धक्क्याला तोंड तोच देतो. एक चांगला टॉपकोट दहा साध्या बाटल्यांना वर उचलतो, उलटं होत नाही, महाग रंगावर वाईट टॉपकोट दिला की तो रंगपण ओढून घेतो. काही लवकर वाळणारे टॉपकोट आकसतात, टोकाकडून रंग मिलिमीटरभर मागे सरकलेला दिसतो, म्हणून तो टॉपकोट पण धारेवरून फिरवायचा आणि खालचा रंग पूर्ण कोरडा व्हायच्या आधी, दोन-तीन मिनिटांत लावायचा. दर दोन-तीन दिवसांनी वरून एक पातळ हात दिला तर साधं पॉलिश आठवडा सहज काढतं. लॅम्पशिवायची दोन पायऱ्यांची जेलसारखी पॉलिशं, सॅली हॅन्सेनचं मिरॅकल जेल त्यातलंच, तपासताना त्यांचा टॉपकोट त्यांचाच वापर, ती जोडी म्हणूनच बनवलेली असते. आणि किंमत बघताना बाटलीवरचे मिलिलिटर बघ, ५ मिलीची छोटी आणि १५ मिलीची मोठी शेजारी ठेवून 'ही स्वस्त' म्हणण्यात अर्थ नाही.

बाटलीवरच्या ३-फ्री, ५-फ्री, १०-फ्रीचं, म्हणजे 'इतकी रसायनं यात नाहीत' या दाव्याचं विचारलंयस. ३-फ्री म्हणजे टोल्युइन, फॉर्मल्डिहाइड आणि डायब्युटिल थॅलेट नाही. यातलं शेवटचं युरोपियन युनियनने २००४ च्या नियमाने सौंदर्यप्रसाधनांतून बंदच केलं आणि बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी नंतर सगळीकडेच काढून टाकलं, त्यामुळे आज साध्या स्वस्त बाटलीवरपण ३-फ्री दिसतं. ५ च्या पुढच्या आकड्यांना मात्र ठरलेली व्याख्या नाही, एकाचं १० आणि दुसऱ्याचं १० वेगळं असतं, म्हणून आकडा वाचू नको, मागची यादी वाच. थॅलेटच्या जागी काहींनी ट्रायफेनिल फॉस्फेट घातलं, २०१५ साली ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २६ बायकांवर तपासलं तेव्हा पॉलिश लावल्यावर १० ते १४ तासांनी लघवीत त्याच्या खुणा जवळजवळ सात पट वाढलेल्या दिसल्या. मी स्वतः ते नाव यादीत असेल तर ती बाटली घेत नाही, त्याशिवायच्या स्वस्त बाटल्या भरपूर मिळतात. आणि एक गोष्ट खास लक्षात ठेव, तू लिहिलंयस की मध्ये एकदा पापण्या खाजून लाल झाल्या होत्या. नेलपॉलिशची ॲलर्जी बऱ्याचदा बोटांवर दिसतच नाही, ती पापण्यांवर, मानेवर, तोंडाभोवती येते, कारण ओलसर पॉलिशचा हात तिथे लागतो. नेहमीचा गुन्हेगार म्हणजे टोसिलअमाइड फॉर्मल्डिहाइड रेझिन. परत तसं झालं तर सगळं पुसून काढ, बाटली घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, पॅच टेस्टमध्ये, म्हणजे त्वचेवर पदार्थ लावून करायच्या चाचणीत, कळतं. आणि तोवर तपासणी बंद.

जुन्या झालेल्या बाटलीवरून निकाल देऊ नको हेही सांगायचं राहिलं. तुझ्या दहापैकी दोन दोऱ्यासारख्या तार सुटणाऱ्या झाल्यात म्हणतेस, त्यातला द्रव उडालाय. नेलपॉलिश थिनर मिळतो, तो म्हणजे तेच ॲसिटेट, त्याचे दोन-तीन थेंब घालून घोळव, दहा मिनिटं ठेव, परत बघ. रिमूव्हर कधीच घालू नको, त्यात पाणी किंवा तेल असतं आणि ॲसिटोन असलं तरी त्याने पापुद्र्याचा पोत बिघडतो, एकदा सैल वाटतं आणि दोन दिवसांत गुठळ्या होतात. प्रत्येक वेळी बंद करायच्या आधी मान रिमूव्हरच्या कापडाने पुसली तर झाकण घट्ट बसतं आणि ही वेळच येत नाही. बाटलीच्या बुडाला उघडल्याची तारीख लिहून ठेव. उन्हात, खिडकीत नको, उभी ठेव.

लाल लावल्यावर नखं पिवळी दिसली तर घाबरू नको, पॉलिशमधला रंग नखाच्या वरच्या थरात शिरलेला असतो, घासून काढायला जाऊ नको, नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, त्याबरोबर ते टोकाला येऊन निघून जातं, आणि पुढच्या वेळी बेसकोट दोन पातळ दे.

तर आता असं कर. दहातले दोन क्रीम लाल काढ, लव्हेंडर आणि दोन घट्ट झालेल्या बाजूला ठेव. ज्या दिवशी पुढचे काही तास पाण्यात हात घालायचा नाहीये असा दिवस निवड, कोरड्या नखांवर खाली एकच बेसकोट, डाव्या अंगठ्याला पहिली बाटली, उजव्याला दुसरी, आणि बाकीची बोटं वर सांगितली तशी आलटून पालटून. दर रात्री दोन्ही अंगठे आणि दोन्ही तर्जन्या खिडकीच्या नाही, दिव्याच्या उजेडात शेजारी धरून बघ आणि प्रत्येकासमोर झिजलं, उडालं, तडा गेला, सुटलं यातला एकच शब्द लिही. सात रात्रींची वही घेऊन ये, मग आपण पुढच्या जोडीचं बोलू.